बनगावचं अकरा पैशांचं पाणी : एका पटकीच्या साथीतून समजणारं आतड्याचं काम

प्रसंग

१९७१ च्या जूनमध्ये पश्चिम बंगालच्या सरहद्दीवरचं बनगाव निर्वासितांनी भरून गेलं होतं. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली आणि त्यांतला मोठा लोंढा जेसोर रस्त्याने याच बाजूला उतरला. वर पावसाळा, खाली चिखल, पिण्याचं पाणी आणि शौचाची जागा यांत अंतर उरलेलं नाही. पटकी, म्हणजे कॉलरा, पसरायला एवढं पुरेसं होतं. बनगावच्या रुग्णालयात पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या आणि खाटा सोळा. बाकीचे रुग्ण जमिनीवर, एकमेकांना लागून, स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या उलटी-जुलाबात पडलेले.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्रातून डॉ. दिलीप महालनबीस आपलं पथक घेऊन तिथे गेले. ते मूळचे बालरोगतज्ज्ञ. पटकीवर तेव्हा मान्य असलेला उपचार एकच होता : शिरेतून सलाइन. पण सलाइनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या, आणि शीर शोधून सुई लावायचं शिक्षण पथकातल्या दोघांनाच होतं. ही लढाई आपण हरतो आहोत, हे त्यांना ४८ तासांतच कळून चुकलं.

पुढे त्यांनी जे केलं ते आज दर मेडिकलच्या दुकानात पाकिटात मिळतं. त्यामुळे ते किरकोळ वाटतं. ते का चाललं हे समजायचं तर आधी आतडं रोज काय करतं ते बघावं लागतं.

रोजचे नऊ लिटर

धडधाकट माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला सुमारे नऊ लिटर पाणी उतरतं. त्यातलं आपण खातो-पितो ते दोनच लिटर. बाकीचं शरीर स्वतःच ओततं : लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याच्या भिंतीतून सुटणारं पाणी. हे सगळं रक्तातूनच आलेलं असतं आणि जवळपास सगळं रक्तात परत जातं. मोठा वाटा लहान आतडं शोषतं, उरलेलं मोठं आतडं. शौचातून बाहेर पडतं ते १०० ते २०० मिलिलिटर.

म्हणजे आतड्यातून आत आणि बाहेर अशी दुतर्फा वाहतूक सतत चालू असते. जुलाब लागतात तेव्हा या दोहोंपैकी एका बाजूचा तोल गेलेला असतो. मोठ्या आतड्याकडे थोडी वाढीव क्षमता असते, जास्तीत जास्त चार-पाच लिटर रोजचं ते ओढून घेऊ शकतं. त्यामुळे लहान आतड्यातली बारीकसारीक गडबड आपल्याला कळतही नाही. पटकीत मात्र वरून येणारा लोंढा या क्षमतेच्या कितीतरी पलीकडचा असतो. प्रौढ रुग्णाला तासाला एक लिटरपर्यंत जुलाब होऊ शकतात.

पाण्याला स्वतःची इच्छा नसते, हे इथे पक्कं डोक्यात ठेवायचं. आतड्याच्या पेशीत पाणी ओढून घेणारा पंप नाही. पेशी क्षार हलवते आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. सोडियम आत गेलं तर पाणी आत, क्लोराइड बाहेर पडलं तर पाणी बाहेर. बनगावची सगळी गोष्ट या एका नियमावर उभी आहे.

पटकीचं विष नेमकं काय बिघडवतं

पटकीचे जंतू आतड्याला भोकं पाडत नाहीत, भिंत कुरतडत नाहीत, रक्तातही शिरत नाहीत. ते भिंतीला चिकटून बसतात आणि विष सोडतात. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात तसंच पाणी साचतं, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. रोग जंतूच्या हल्ल्याने होत नाही, त्याच्या विषाने होतो, हे त्यातून सिद्ध झालं.

हे विष पेशीत शिरून एक रासायनिक बटण चालू स्थितीत अडकवून ठेवतं. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू बेसुमार वाढतो आणि त्याचे दोन परिणाम होतात. एक, क्लोराइडच्या वाटा सताड उघडतात. क्लोराइड आणि बायकार्बोनेट आतड्याच्या पोकळीत पडू लागतात, त्यांच्यामागे सोडियम आणि सगळ्यांच्या मागे पाणी. दोन, मीठ शोषून घेण्याची एरवीची वाट बंद होते. पिचकारी सुरू आणि निचरा बंद, असा दुहेरी मार. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके होतात, त्यांत अन्न नसतं, मळही नसतो. ते जवळजवळ शरीरातलंच खारट पाणी असतं.

विष बसलेली पेशी आहे तोवर हे चालू राहतं. पण आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. जुन्या पेशी गळून पडतात, खालून नव्या वर येतात, आणि रोग आपणहून ओसरतो. थोडक्यात, पटकीच्या रुग्णाला बरं करावं लागत नाही, तेवढे दिवस जगवावं लागतं. प्रतिजैविकाने हे दिवस कमी होतात आणि जुलाबही घटतात, पण पाणी भरून काढल्याशिवाय प्रतिजैविक देण्यात अर्थ नाही. रुग्ण जंतूंमुळे मरत नाही, पाणी गेल्यामुळे मरतो.

पाच लिटर गेल्यावर

५० किलो वजनाचा प्रौढ धरू. त्याच्या शरीरात साधारण ३० लिटर पाणी असतं. त्यातलं २० लिटर पेशींच्या आत आणि १० लिटर पेशींच्या बाहेर. या दहातलं अडीच लिटरच्या आसपास रक्तातला द्रव. आता त्याचं १० टक्के वजन जुलाबात गेलं, म्हणजे पाच लिटर. ३० मधले पाच गेले तर फार काय बिघडलं, असं वाटेल. पण जुलाबातलं पाणी खारट असल्यामुळे ते जवळपास सगळं पेशींबाहेरच्या दहा लिटरमधून जातं. म्हणजे त्या साठ्यातलं निम्मं संपलं.

हे फरक अंगावर दिसतात. घामाने निव्वळ पाणी जास्त गेलेला माणूस तहानेने कासावीस होतो, कारण त्याचं रक्त खारट होतं आणि पेशी आक्रसतात. पटकीत रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही, त्याचा आकार घटतो. तहान लागतेच, शिवाय नाडी हाताला लागेनाशी होते. डोळे खोल जातात. बोटांची कातडी खूप वेळ धुणं धुतल्यासारखी सुरकुतते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी उभीच राहते आणि परत सपाट व्हायला दोन सेकंदांहून जास्त घेते. मूत्रपिंडं रक्तदाब घसरताच लघवी थांबवतात. बायकार्बोनेट वाहून गेल्यामुळे रक्त आम्लधर्मी होतं आणि ते आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर टाकायला श्वास खोल आणि जलद चालू लागतो. नवख्याला हा दमा किंवा न्यूमोनिया वाटतो. पिंढऱ्यांत गोळे येतात. आणि या सगळ्यात पुष्कळदा माणूस शुद्धीवर असतो, विचारलेल्याला खोल गेलेल्या आवाजात उत्तर देतो. उपचार वेळेवर मिळाला नाही तर पहिल्या जुलाबापासून काही तासांत मृत्यू येऊ शकतो.

विषाने न बिघडवलेली एक वाट

तोंडाने पाणी द्यायला काय हरकत, हा प्रश्न सगळ्यांना सुचतो. हरकत एवढीच की साधं पाणी शोषायला आतड्याला सोडियम आत न्यावं लागतं आणि ती वाट विषाने बंद केलेली असते. मिठाचं पाणी दिलं तरी तेच. प्यायलेलं बहुतेक जुलाबात जातं. म्हणूनच १९६० पर्यंत बहुसंख्य डॉक्टरांचं मत असं होतं की पटकीत तोंडाने काही देऊ नये, आतड्याला आराम द्यावा.

पण सोडियमची आणखी एक वाट आहे. लहान आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन बसलेलं असतं. १९६० मध्ये प्राग इथे रॉबर्ट क्रेन यांनी ते कसं चालतं याची कल्पना मांडली. हे प्रथिन एकटी साखर नेत नाही, एकटं सोडियमही नेत नाही. बँकेतलं लॉकर उघडायला जशा दोन किल्ल्या एकदम लागतात, तसं याला ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण एकाच वेळी बसावे लागतात. मग ते वळतं आणि दोन्ही आत सोडतं. पेशीच्या मागच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो तीन सोडियम रक्ताकडे ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे पेशीत सोडियम सतत कमी राहतं आणि पुढून नवं येत राहतं. ग्लुकोज दुसऱ्या वाटेने रक्तात उतरतं. पाणी अर्थातच मागोमाग.

पटकीचं विष या प्रथिनाला हात लावत नाही. अर्धमेल्या रुग्णाच्या आतड्यातही ते शाबूत असतं, फक्त त्याच्यापर्यंत मीठ आणि साखर एकत्र पोचायला हवं.

हे बनगावला कुणाला अचानक सुचलं नव्हतं. १९५३ मध्ये कोलकात्यातच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजून पटकीचे रुग्ण बरे केल्याचं छापलं होतं, पण त्यात किती गेलं आणि किती शोषलं याची मोजदाद नव्हती, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मनिलात रॉबर्ट फिलिप्स यांनी असाच द्रव वापरून पाहिला. तो फार तीव्र होता. काही रुग्ण दगावले आणि प्रयोग थांबला. मग १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजून काम केलं. कॉलरा कॉटला मधोमध भोक असतं आणि खाली खुणा केलेली बादली. दर काही तासांनी बादलीत जेवढं दिसेल तेवढंच पाणी रुग्णाला पाजायचं, असा त्यांचा हिशेब. शिरेतून द्यावं लागणारं सलाइन त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांनी कमी लागलं.

तरीही ढाक्यात प्रशिक्षित माणसं होती, बादल्या होत्या, तक्ते होते. बनगावात यातलं काहीच नव्हतं.

मिश्रण

महालनबीस यांनी निवडलेलं प्रमाण लिटरमागे असं होतं : ग्लुकोज २२ ग्रॅम, खायचं मीठ ३.५ ग्रॅम, खायचा सोडा २.५ ग्रॅम. तीनही वस्तू बाजारात मिळणाऱ्या. कोलकात्यातल्या केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत ही पावडर तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली जाई आणि पिशवीचं तोंड गरम इस्त्रीने चिकटवलं जाई. पिशव्या दोन मापांच्या, ४ लिटरची आणि १६ लिटरची. खर्च लिटरला ११ पैसे.

या तीन आकड्यांमागचं गणित बघण्यासारखं आहे. ३.५ ग्रॅम मिठातून लिटरमागे ६० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) सोडियम येतं, सोड्यातून आणखी ३०. एकूण ९०. २२ ग्रॅम ग्लुकोजमधून ११० ते १२० मिलिमोल, पावडर कोणत्या प्रकारची आहे त्यावर. सोडियम आणि ग्लुकोज असे साधारण बरोबरीत राहतात आणि वाहक प्रथिनाला दोन्हींची चणचण पडत नाही. सोड्यातलं बायकार्बोनेट रक्तातलं आम्ल मारतं. सगळे कण मिळून लिटरला ३०० च्या आसपास भरतात. रक्तद्रवाचा आकडा २८० ते २९५. म्हणजे हा द्रव आतड्यात पडल्यावर तीव्र ठरून उलट रक्तातलं पाणी बाहेर खेचत नाही. मनिलात नेमकं इथेच चुकलं होतं.

एक उणीव होती. पोटॅशियम त्यात नव्हतं. जुलाबातून ते लिटरमागे १५ ते २० मिलिमोल जातं, मुलांत त्याहून जास्त. ते फार घटलं तर हातापायांतला जोर जातो, आतडं सुस्त होऊन पोट फुगतं, हृदयाची लय बिघडू शकते. पण पोटॅशियम क्लोराइड म्हणजे चौथी वस्तू आणि आणखी एक वजन. तातडीच्या वेळी महालनबीस यांनी मिश्रण शक्य तितकं साधं ठेवलं. हा निर्णय मला योग्यच वाटतो : पोटॅशियमची तूट दिवसांच्या हिशेबाने जड जाते, सोडियम-पाण्याची तासांच्या.

चूक कुठे होऊ शकत होती तेही या पिशव्यांवरून दिसतं. १६ लिटरच्या पिशवीत ३५२ ग्रॅम ग्लुकोज, ५६ ग्रॅम मीठ आणि ४० ग्रॅम सोडा. ती कुणी आठ लिटरच्या भांड्यात ओतली तर सोडियम १८० होतं, रक्तातल्या १४० पेक्षा बरंच वर. तहानलेलं मूल ते पितंच, आणि मग मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन झटके येऊ शकतात. उलट ३२ लिटरमध्ये विरघळवली तर सोडियम ४५ वर येतं आणि गेलेलं मीठ भरून निघत नाही. पिशवी आणि ती विरघळवायचं पिंप यांचं माप जुळवणं हे त्यामुळे औषध तोलण्याइतकंच महत्त्वाचं काम.

पाजायचं कुणी

पिंपांना तोट्या होत्या. रुग्णाचे नातेवाईक कप, पेला, मग, जे असेल ते घेऊन तोटीखाली धरत आणि परत जाऊन पाजत. नाडी न लागणाऱ्या, गिळू न शकणाऱ्या रुग्णांसाठीच शिरेतलं सलाइन राखून ठेवलं होतं. त्यांचीही नाडी परत आली की पेला सुरू.

सलाइनशिवाय पटकी बरी होते यावर तिथल्या कर्मचाऱ्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. या पाण्याला ‘ओरल सलाइन’ म्हटलं गेलं, त्याचं हेच कारण. सलाइन या शब्दावर सगळ्यांचा भरवसा होता. दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागल्यावर समजूत घालायची गरज राहिली नाही. मिश्रण कसं करायचं याची पत्रकं सरहद्दीवर वाटली गेली आणि बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती माहिती सांगितली गेली.

आईने किंवा भावाने पाजण्यात एक शारीरिक फायदाही आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तोंडाने द्यायचं पाणी हळूहळू आणि सतत जावं लागतं. एकदम पेलाभर ओतलं की जठर ताणलं जातं आणि उलटी होते. पटकीत तर रक्त आम्लधर्मी झाल्यामुळे मळमळ आधीच असते. एक परिचारिका पन्नास रुग्णांना दर दोन मिनिटांनी घोट देऊ शकत नाही. शेजारी बसलेलं घरचं माणूस देऊ शकतं. आणि ज्याला तहान आहे त्याचं शरीर स्वतःच माप ठरवतं : पाणी भरत आलं की तो पेला बाजूला सारतो. सलाइनच्या बाटलीला ही सोय नाही. ती वेगाने सोडली तर फुप्फुसात पाणी होतं, हळू सोडली तर माणूस जातो.

निकाल आणि त्याच्या मर्यादा

साधारण दोन महिन्यांत ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं. अशा परिस्थितीत एरवी ते २० ते ३० टक्के असायचं.

कडक निकषाने बोलायचं तर ही चाचणी नव्हती. अर्ध्या रुग्णांना द्रव, अर्ध्यांना नाही, अशी विभागणी तिथे कुणी करूही धजलं नसतं. तुलना झाली ती इतर वेळच्या, इतर ठिकाणच्या आकड्यांशी. सगळ्यांनाच पटकी होती हेही प्रत्येक रुग्णाबाबत तपासून सिद्ध केलेलं नव्हतं. वैद्यकीय वर्तुळात या अहवालाला लगेच मान्यता मिळाली नाही. पण हा द्रव आतड्यातून शोषला जातो का, याचं उत्तर ढाक्यात मिळालेलं होतं. बनगावचा प्रश्न दुसरा होता : अशिक्षित, थकलेली, घाबरलेली माणसं ते नीट पाजू शकतील का? त्याचं उत्तर ३,७०० माणसांच्या गर्दीतच मिळू शकत होतं.

जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ यांनी हे काम बनगावला जाऊन पाहिलं आणि पुढे ते जगभर लावून धरलं. १९७५ पासून एकच प्रमाण ठरलं, त्यात पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आलं. दमट हवेत सोडा आणि ग्लुकोज एकमेकांशी लागून पावडर तपकिरी पडायची, म्हणून १९८४ मध्ये सोड्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट आलं. महालनबीस यांना पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाला. ते ऑक्टोबर २०२२ मध्येच गेले होते.

आजचं पाकीट आणि घरातल्या चुका

२००२ मध्ये प्रमाण पुन्हा बदललं. आज ओआरएसच्या, म्हणजे तोंडाने द्यायच्या या मिश्रणाच्या, पाकिटात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण कण २४५. रक्तापेक्षा थोडा सौम्य द्रव पटकन शोषला जातो आणि मुलांत उलट्या-जुलाब कमी होतात, म्हणून ही घट.

आता घरोघरी दिसणारी सगळ्यांत मोठी चूक. एक लिटरचं, साधारण २१ ग्रॅमचं पाकीट एका पेल्यात ओतायचं, ‘जरा घट्ट असू दे, लवकर ताकद येईल’ म्हणून. २०० मिलिलिटरच्या पेल्यात सोडियम ३७५ होतं आणि कणांची संख्या १,२००च्या वर. हा द्रव आतड्यात गेल्यावर रक्तातलंच पाणी खेचतो. जुलाब वाढतात, मूल चिडचिडं होतं, ओठ सुकतात, आणि घरचे म्हणतात की ओआरएस मानवलं नाही. पाकीट कितीचं आहे ते त्यावर छापलेलं असतं. २०० मिलिलिटरचं छोटं पाकीटही मिळतं, ते चार ग्रॅमच्या आसपास असतं. एक लिटरचं पाकीट अर्धं वापरून अर्धं ठेवायचं नाही, चारही घटक पावडरीत सारखे मिसळलेले असतीलच असं नाही.

पाणी आधी उकळून गार करायचं, पावडर घातल्यावर उकळायचं नाही. दूध, रस, सरबत यांत पावडर घालायची नाही. चवीला साखर वाढवायची नाही. केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं.

नुसती ग्लुकोज पावडर पाण्यात घालून दिली तर मीठच नाही, म्हणजे अर्धंच काम. बाटलीतल्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि मीठ नगण्य, ते तर सरळ नुकसानच करतं. दुकानात ओआरएसशी मिळतंजुळतं नाव लावून गोड पेयं विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. तरी खोक्यावरचं प्रमाण वाचावं : वर दिलेले चार आकडे जुळले तर घ्यावं.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा, आणि वर सुरीने सपाट केलेला. साधी साखर आतड्यात फुटून निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज होते, म्हणून ग्लुकोजच्या दुप्पट वजन लागतं. मीठ ढीगभर पडलं तर ते धोक्याचं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून पुन्हा करावं. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, म्हणून पाकीट मिळेपर्यंतच. कोकणातली मीठ घातलेली तांदळाची पेज मात्र अगदी योग्य आहे : पिठूळ पदार्थातलं ग्लुकोज सावकाश सुटतं, द्रव तीव्र होत नाही, आणि दोन्ही किल्ल्या त्यात असतात.

आणखी एक गैरसमज. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. पहिल्या काही तासांत ते जास्त दिसूही शकतात. सुधारणा मोजायची ती जुलाबांकडे बघून नव्हे, लघवीकडे बघून. आणि लंघन नको. आतड्याच्या नव्या पेशींना अन्न पोकळीतूनही मिळतं. मऊ भात, वरण, केळं, दही चालू ठेवावं. बाळाचं अंगावरचं दूध एक वेळही बंद करू नये. मुलांना जस्ताची गोळी १० ते १४ दिवस : सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०.

किती आणि कधीपर्यंत

पाणी कमी झाल्याच्या खुणा नसतील तर दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००, मोठ्यांना हवं तेवढं. डोळे खोल गेलेत, मूल चिडचिडं आहे, अधाशासारखं पितंय, चिमटीची घडी हळू सपाट होतेय, अशा खुणा असतील तर किलोला ७५ मिलिलिटर, चार तासांत. १० किलोच्या मुलाला हे ७५० मिलिलिटर होतं, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एक चहाचा चमचा. बाटलीने नको, चमच्यानेच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

मूल मलूल पडलंय, पीत नाही, गिळत नाही, हातपाय गार आहेत, घडी दोन सेकंदांहून जास्त राहते, सहा तासांत लघवी नाही, जुलाबात रक्त आहे किंवा पोट फुगलंय, यातलं एकही असेल तर चमचा घेऊन बसू नये, रुग्णालय गाठावं. तिथे शिरेतून किलोला १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचं सलाइन) दिलं जातं. वर्षावरच्यांना त्यातले पहिले ३० अर्ध्या तासात आणि उरलेले ७० अडीच तासांत. वर्षाखालच्या बाळाला एक तास आणि पाच तास. वाटेत गिळता येत असेल तर घोट-घोट ओआरएस चालूच ठेवायचं.

चार तास झाले की पुन्हा चिमटी, पुन्हा डोळे, पुन्हा तोंडाचा ओलावा. खुणा गेल्या असतील आणि लघवी सुरू झाली असेल तर वरचंच दर जुलाबामागचं माप. खुणा तशाच असतील तर आणखी चार तास तेच, पण आता दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली.